जानीच्या मोहाला टांगलेले फोन

जानीच्या अंगणातल्या मोहाला फोन लागतात, असं मी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळे हसले. हसू देत. मी काही खोटं बोलले नव्हते. करवंदपाड्याचा चढ संपतो तिथं उघडा माळ आहे, माळावर कातकऱ्यांची थोडी घरं आहेत, आणि त्यातल्या जानीच्या घरापुढं एक जुना मोह आहे. त्याच्या खालच्या फांद्यांना कापडी पिशव्या लोंबत असतात. कुणाची जुन्या लुगड्याची, कुणाची पोराच्या गणवेशाची, एक तर चक्क खताच्या गोणीची. प्रत्येक पिशवीत एक फोन.

कारण साधं आहे. खाली पाड्यात रेंज नाही. मोखाड्याहून येणारा रस्ता शेवटच्या वळणाला डोंगराआड गेला की फोन नुसता घड्याळ बघण्यापुरता उरतो. रेंज येते ती माळावर, आणि माळावरही धड येते ती जानीच्या अंगणात. मला याची गंमत वाटते आणि रागही येतो. भाताची खाचरं, विहीर, शाळा, सगळं खाली. कातकऱ्यांना कुणी वीतभर जमीन दिली नाही म्हणून ते वर खडकावर जाऊन राहिले. तिथं कुळीथसुद्धा नीट उगवत नाही, आणि रेंज उगवली ती नेमकी तिथं. जी माणसं जन्मात कधी कातकरवाडीकडं फिरकली नव्हती, ती आता रोज हातात फोन धरून चढ चढायला लागली. आपलं काम असलं की माणसाला सगळे रस्ते सापडतात.

मी पाड्याच्या शाळेत शिकवते. राहते मोखाड्याला, येते-जाते बुधाच्या जीपनं. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची असली की मलाही जानीच्या अंगणात जाऊन बसावं लागतं. म्हणून ती मला ठाऊक. नाहीतर तिची मुलगी शाळेतून बाहेर पडल्यावर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

जानी चाळिशीतली. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की माळावरून हाक मारली तर खाली विहिरीवरच्या बायका दचकतात. ज्या वयात मुलं पाटी धरतात त्या वयात तिनं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर डोक्यावर विटा धरल्या. नवरा वाळू अजूनही दिवाळी झाली की भट्टीवर जातो. तिची मात्र कंबर गेली. ओझं उचलता येईना, तेव्हापासून ती घरीच. अक्षरं तिला येत नाहीत, आकडे येतात. विटा मोजता मोजता आले. हिंदीही भट्टीवरचीच, निम्मी शिव्यांची. मोबाईल कंपनीकडून फोन आला की ती त्याच हिंदीत बोलते आणि समोरचा बिचारा स्वतःहून फोन ठेवतो.

आधी लोक नुसते फोन टांगून जात. पलीकडून कुणाचा फोन आला की जानी उचलायची आणि कड्याच्या टोकाला जाऊन ओरडायची, “ए पोशी! तुझे भावाचा फोन हाय गं!” पोशी धावत वर यायची. कुणी जाताना मूठभर नागली ठेवी, कुणी सुके बोंबील. मजुरी अशी कुणी ठरवली नव्हती, तिनंही मागितली नव्हती.

एकदा मी तिच्या अंगणात बसले असताना माझ्या फोनवर अपडेटची सूचना आली. जानीनं मान पुढं काढून विचारलं, “हा बाण कसला, बाई?”

मी म्हटलं, “तुझ्या घराच्या कुडाला भेगा पडतात ना, तशा फोनलाही असतात. बाहेरून दिसत नाहीत. चोर त्या शोधत हिंडतात. कंपनीतली माणसंही शोधतात, आणि सापडली की लिंपायला शेणमाती पाठवतात. बाण दाबला की लिंपण सुरू.”

“मंग पयल्यांदाच नीट का नाय लिंपत?”

एवढं शिकून, एवढी प्रशिक्षणं करून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी शिक्षकी डाव टाकला. “तू दर साली का लिंपतेस?”

ती हसली. “भिंत हाय तर भेग पडनार.” मग तिनं झाडाकडं पाहिलं. “मंग यांना कोन लिंपतो?”

कुणी नाही, हे तिच्याआधी माझ्या लक्षात आलं. अपडेटला नेट लागतं, आणि लोक इथं वर येत ते दोन शब्द बोलण्यापुरते. खाली पाड्यात रोजचा डेटा तसाच वाया जायचा. फोन मात्र दिवसभर रेंजमध्ये टांगलेले. मी तिला बाण कुठं येतो, कुठं दाबायचं, फोन अर्धा तरी चार्ज कसा हवा, ते दाखवलं. चार्जिंगला वाडीवर सोलर होता. मला वाटलं, दोन दिवस करील आणि सोडून देईल. ती कुठली सोडते! तिनं ते अंगावरच घेतलं. बाण दिसला की दाबायची, फोन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहायची. एखादा फार वेळ घेऊ लागला तर त्याला बोलायची, “ऊठ रे बाबा, ऊठ.”

अडचण झाली ती कुलपाची. फोन बंद होऊन सुरू झाला की आकडे मागतो, आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे. जानी गोंधळली. तेव्हा बुधा म्हणाला, “त्यात काय, सगळे माझ्या गाडीचा नंबर टाका.” पाड्यातल्या प्रत्येकाला तो नंबर तोंडपाठ. ज्याला वाचता येत नाही तोही लांबून तेवढे चार आकडे बघून जीप ओळखतो. झालं. महिन्याभरात अख्ख्या पाड्याच्या फोनचं कुलूप एकच झालं, आणि त्याची किल्ली पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात लिहून रोज मोखाड्याच्या बाजारातून फिरून येऊ लागली. भेगा लिंपायच्या आणि दार सताड उघडं ठेवायचं, हा उद्योग आमच्याकडंच होऊ शकतो. मी हसले, तसं बोलूनही दाखवलं, आणि मग शाळेच्या वेळात माझाही फोन झाडाला असायचा म्हणून सोयीसाठी मीही तोच नंबर ठेवला. तेव्हा पाड्याला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही.

पाड्याची रीतच तशी आहे. इथं घराला कुलूप लागतं ते माणसं भट्टीवर गेली की. एरवी दार लोटलेलं असतं, आणि शेजारणीला मीठ हवं असलं तर ती आत जाऊन घेते. कुणी कुणापासून कुलूप लावलं तर त्याचा अर्थ एकच, भांडण झालंय.

म्हाताऱ्या गोजाबाईच्या फोनला मात्र बाण येईना. मुलानं कधीतरी जुना घेऊन दिलेला. मी पाहिलं आणि जानीला सांगितलं की कंपनीनं या फोनची शेणमाती पाठवणं बंद केलं आहे, आता कधीच येणार नाही.

“म्हातारा झाला म्हून सोडून दिला त्याला?” जानीला ते लागलं.  मग तिनंच उपाय विचारला. मी त्या फोनचं नेट बंद करून दिलं, आणि जानीनं गोजाबाईला ठणकावून सांगितलं, “आयो, याच्यावर निस्ता बोलायचा. दुसरा काय करायचा नाय.” गोजाबाईला दुसरं काय करतात हेच माहीत नव्हतं, त्यामुळं तिचं काही अडलं नाही.

दुसरा अपवाद उमेश. उमेश पाड्यातला पहिला नोकरदार, मोखाड्याला कचेरीत कारकून. फोन सगळ्यांत मोठा त्याचा, पण कचेरीत साहेबांना चालत नाही म्हणून दिवसा तोही झाडालाच. त्यानं जानीला बजावलं होतं, “माझा फोन नुसता टांगायचा. ते अपडेट-बिपडेट नको. फोन जड होतो त्यानं.” नंबर मात्र त्यानंही जीपचाच ठेवलेला, कारण त्याच्या मुलीचा, हर्षालीचा फोन आला तर जानीनं उचलावा. हर्षाली नाशिकला नर्सिंग शिकते. विक्रमगडकडच्या एका चांगल्या घरात तिचं जुळत आलं होतं, आणि उमेशचा जीव त्यात अडकलेला होता. जानीनं त्याचं ऐकलं. बाण दिसायचा, ती बघायची आणि पिशवीचं तोंड बंद करायची.

होळी झाली, लग्नसराई सुरू झाली. आता लग्नाच्या पत्रिकाही फोनवर येतात. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी माहिती भरायला माळावर गेले होते. चढावर माणसांचा आवाज आला. पुढं उमेश, मागं पाड्यातली बरीच जणं. उमेशचा चेहरा लाल. त्यानं फोन जानीच्या नाकासमोर धरला.

“हे काय केलंस?”

झालं होतं असं, की आदल्या दिवशी उमेशच्या फोनवरून पत्रिका गेल्या होत्या. पाड्यात, कचेरीत, नातेवाइकांत, ज्याचा म्हणून नंबर त्या फोनात होता त्या प्रत्येकाला. ‘आमच्या घरचं लग्न, अगत्य येण्याचे करावे.’ विक्रमगडच्या मंडळींनाही. सकाळी तो बाजाराला मोखाड्यात गेला तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, “मुलीचं दुसरीकडं जमवलंत तर आम्हाला का ताटकळत ठेवलं?”  आणि तो शुक्रवारचा अख्खा दिवस फोन जानीच्या झाडाला होता.

“मी कायच केला नाय, उमेशदादा,” जानी म्हणाली.

“मग फोननं आपोआप केलं? नंबर कुणाला माहीत होता? पोरीचं जमलेलं मोडायला निघालीस. शेवटी जात दाखवलीस ना!”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी नजर मागच्या माणसांवर गेली. पोशी खाली बघत होती. बुधा दुसरीकडं बघत होता. रोज जिच्या अंगणात बसून ही माणसं आपल्या लेकरांशी बोलायची, तिच्या बाजूनं एकानं शब्द काढला नाही. उमेशचा राग मी समजू शकते. ते गप्प बसणं मला आजही समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही.

  जानीनं एकेक पिशवी झाडावरून काढली आणि शेणानं सारवलेल्या अंगणात ओळीनं ठेवली. “ज्याचा त्यानं न्या,” एवढंच म्हणाली. लोकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. गोजाबाई तेवढी उभी राहिली, पण तिलाही नातवानं हाताला धरून नेलं.

त्यानंतर झाड रिकामं राहिलं. लोक बोलायला वर येत, पण वाडीच्या अलीकडं खडकावर उभे राहून, अर्धं ऐकू येईल तसं बोलून परत जात. जानी अंगणात दिसायची नाही. मी गेले तर म्हणाली, “बाई, भट्टीवर लोक असाच बोलायचे. तिकडला काय हरवला का आमचीच झोपडी पयली उकलायचे. मी म्हनला, आपले गावात नाय तसा होनार.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी उमेशला सोडलं नाही. नोकरदार माणसाला चारचौघांत बाईनं अडवलेलं सोसत नाही, हे ओळखून मी त्याला जीपमध्येच, सगळ्यांसमोर अडवलं. म्हटलं, “फोन नीलेशकडं दाखवू. जानीनं केलं असेल तर मी स्वतः तिला तसं म्हणेन.” नीलेशचं मोखाड्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बुधाही गाडी लावून आमच्याबरोबर आला. मनाला काहीतरी खात असणार.

नीलेशनं फोन हातात घेऊन बराच वेळ वर-खाली केला. मग विचारलं, “दादा, गुरुवारी संध्याकाळी कुणाची पत्रिका आली होती का?”

“आली होती. कचेरीतल्या एकाची. उघडली, पण आत काहीच नव्हतं.”

“आत होतं ते दिसायसारखं नव्हतं. पत्रिकेच्या नावाखाली दुसरंच काहीतरी फोनमध्ये शिरलं. दुसऱ्या दिवशी फोन रेंजमध्ये राहिला आणि त्यानं तशाच पत्रिका पुढं वाटल्या. ज्यानं तुम्हाला पाठवली त्यालाही पत्ता नसेल.” मग त्यानं आणखी एक पान उघडून फोन उमेशकडं वळवला. “हे सिक्युरिटी अपडेट दिवाळीपासून पडून आहे. ज्या भेगेतून हे आत आलं ती भेग यात बुजवलेली होती. तुम्ही घेतलंच नाहीत.”

“पण उमेशची पत्रिका तर आम्हालाही आली,” बुधा म्हणाला. “मी उघडली की. लग्न म्हटल्यावर कोण उघडत नाही?”

मीही उघडली होती. नीलेशनं आमचे दोघांचे फोन मागून घेतले. दोन्हींत पत्रिका तशीच पडलेली. दोन्ही फोनांनी ‘हे धोकादायक आहे’ म्हणून तिला दारातच अडवलेलं. त्या वेळी आम्ही ती सूचना न वाचताच बाजूला सारली होती, हे वेगळं सांगायला नको. आमचे फोन कुणी लिंपले होते? पाड्यात घरोघर ती पत्रिका गेली होती, बहुतेकांनी उघडली होती, आणि एकाच्याही फोनवरून ती पुढं गेली नव्हती. अख्ख्या पाड्यात एकच फोन फुटला. ज्याला हात लावायची जानीला बंदी होती, तो.

उमेश स्टुलावर बसला. मग म्हणाला, “पण नंबर तर तिला माहीत होता ना.”

“तिला माहीत होता, मला माहीत होता, बुधाच्या जीपच्या मागून जाणाऱ्या प्रत्येक एसटी ड्रायव्हरला माहीत होता,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. हर्षालीनं तोवर नाशिकहून स्वतःच विक्रमगडला फोन करून सगळं निस्तरलं होतं. बापाला एवढंच म्हणाली, “बाबा, न बघता तुम्हीच उघडलंत ना?” त्यामुळं उमेशचं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं होतं ते दुसऱ्याच कुणाचं.

बुधानं पाड्यात घरोघर सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सगळे पिशव्या घेऊन माळावर गेले. मी मुद्दाम गेले. पोशीनं सुके बोंबील आणले होते, कुणी चवळी आणली होती. जानी दारात उभी होती. पिशव्या तिनं घेतल्या नाहीत.

“परत काय झाला, तर परत माझेच नावानं वरडाल,” ती म्हणाली. “तुमचा सगल्यांचा नंबर माना माहीत, म्हून ही पाळी आली. आज बाई होती, नीलेश होता. उद्या कोन हाय? आधी नंबर बदला. ज्याचा त्यानं येगला करा. माना सांगू नका. मंग टांगा. बाण मी दाबीन, आकडे दाबायला तुमी या.”

मला वाटलं होतं, लोकांना हायसं वाटेल. उलट त्यांचे चेहरे पडले. गोजाबाई तर रडायलाच लागली. “पोरी, तुझेपासून काय लपवायचा? आमी काय तुझेशी भांडलो का गं?” तिच्या हिशेबानं हे कुलूप जानीच्या तोंडावर लावायचं होतं.

जानी तिच्याजवळ जाऊन बसली. “आयो, हा कुलूप माझेवर नाय. माझेसाठी हाय.”

मग एकेक जण पुढं आला. मी नवा नंबर कसा टाकायचा ते दाखवत होते. प्रत्येकाच्या वेळी जानी पाठ फिरवून उभी राहायची. पोशीला पाठमोऱ्या जानीमागं उभं राहून आकडे दाबणं इतकं अवघड गेलं की तिनं दोनदा चुकवलं.

सगळ्यांच्या शेवटी उमेश आला. चष्मा तो घरी विसरला होता, किंवा विसरलो म्हणाला. तो माझ्याकडं आला नाही, सरळ जानीकडं गेला. फोन तिच्यापुढं धरला. या माणसाला माफी मागता येत नाही, हे मला शाळेतल्या पालकसभांपासून माहीत आहे. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “जाने, तूच टाक. हर्षालीचं जन्माचं साल टाक. दोन...”

जानीनं दोन्ही हात कानांवर दाबले. “नाय! माना सांगू नको! मी ऐकला नाय, दादा, मी कायच ऐकला नाय!” तिचा तो आवाज खाली विहिरीपर्यंत गेला असेल.

उमेशनं माझ्याकडं पाहिलं.  मी पुढं झाले नाही. चुकला तर चुकू दे, पण त्याचा त्यानंच टाकू दे, असं मला वाटलं. त्यानं फोन लांब धरला, जवळ धरला, आणि एका बोटानं, थांबून थांबून, दुसरेच कुठलेतरी आकडे दाबले.

जानी दरीकडं तोंड करून उभी होती. हात कानांवर.

“झालं,” उमेश म्हणाला.

तिला ऐकू गेलं नाही. मग तो पुढं होऊन तिच्यासमोर गेला, आणि मान खाली घालून, ती बघेपर्यंत तिथं उभा राहिला.